वाचकांचे प्रश्न : कुलूपबंद मैदान आणि नाक्यावरची मुले

तरुण मुलांना गुन्हेगारीपासून दूर ठेवण्यासाठी वस्तीने स्वतः काय करावे, या विषयावर नाशिक शहरातून आलेली काही पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार, आणि एका पत्राच्या बाबतीत कायद्याच्या अपेक्षेनुसारही, छापलेली नाहीत. लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या मधोमध महापालिकेचा मोकळा भूखंड आहे. संध्याकाळी तेथे मुलांचे टोळके जमत असे. सिगारेट, शिवीगाळ, मोबाइलवर मोठ्याने गाणी असा प्रकार चाले. आम्ही रहिवाशांनी पाठपुरावा करून फाटक बसवून घेतले आणि कुलूप लावले. आता तीच मुले कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसतात आणि मुलींना क्लासवरून परतताना तो रस्ता टाळावा लागतो. यापेक्षा वेगळे काय करता आले असते? – एक गृहिणी, सिडको

उत्तर : कुलूप लावण्यामागची आपली काळजी रास्त आहे, मात्र त्या कुलपाने नेमके कोणाला बाहेर ठेवले हे एकदा पाहावे. चेंडू घेऊन येणारी दहा वर्षांची मुले, फेरी मारणारे ज्येष्ठ नागरिक, बाळाला घेऊन टेकणाऱ्या आया हे सारे फाटकावरूनच परत गेले. ज्यांना फाटकावरून उडी मारता येते ते अंधार पडल्यावर आत शिरतातच. अशा बहुतेक भूखंडांच्या जाळीला मागच्या कोपऱ्यात माणूस शिरेल एवढे भगदाड असते आणि ते सगळ्या कॉलनीला ठाऊक असते. म्हणजे ज्यांच्या नुसत्या वावरामुळे जागेवर वचक राहत होता ते गेले, आणि ज्यांच्यावर वचक हवा होता ते राहिले किंवा कोपऱ्यावर सरकले.

मुले एकत्र बसणे हा मूळ दोष नाही. अमेरिकेत वेन ऑसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तरुणांच्या वेळ घालवण्याच्या सवयी तपासल्या. हाती ठरलेले काम नाही, जवळ जाणते माणूस नाही आणि सोबत बरोबरीची मुले आहेत, या तीन गोष्टी जुळून आल्या की गैरवर्तनाची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. या तीनपैकी सोबत काढून घेण्याचा प्रयत्न आपण कुलपाने करून पाहिला. सोळा वर्षांच्या मुलाकडून त्याचे मित्र काढून घेता येत नाहीत, ते फक्त जागा बदलतात. उरलेल्या दोन गोष्टी, म्हणजे काम आणि जाणते माणूस, मात्र पुरवता येतात.

जागेच्या रूपाचाही परिणाम होतो. फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स ब्रानास यांच्या गटाने पाचशेहून अधिक ओसाड भूखंड निवडून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे त्यांची विभागणी केली. काही भूखंडांवरचा कचरा उचलला, गवत व थोडी झाडे लावली आणि भोवती कमरेइतके लाकडी कुंपण घातले, ज्यात लोकांना आत येण्यासाठी मुद्दाम मोकळ्या जागा ठेवल्या होत्या. काही भूखंड तसेच राहू दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या भूखंडांभोवतीची बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. तेथे कुंपण होते, पण ते आत येऊ देणारे होते. ही जागा कोणीतरी सांभाळत आहे, एवढेच ते सांगत होते.

आपल्याकडे सुरुवात दिव्यापासून करावी, कारण तो लगेच मिळण्यासारखा आहे. भूखंडाच्या मधोमध प्रकाश आणि कडांना अंधार अशी रचना नको. ज्या कोपऱ्यात भगदाड आहे त्या कोपऱ्यावर दिवा हवा. झुडपे कमरेच्या वर वाढू देऊ नयेत, म्हणजे रस्त्यावरून आतले दिसते. त्यानंतर वेळा ठरवाव्यात : शाळा सुटल्यावर लहान मुले, सहानंतर मोठ्या मुलांचा खेळ, त्याच वेळी एका कडेला महिलांचे बसणे. यात महिलांचा वेळ वेगळा न ठेवता मोठ्या मुलांच्या वेळेला जोडून ठेवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण चार बायका भाजी निवडत बसल्या असतील तर शिवी देणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. फाटकाची किल्ली एका माणसाच्या घरी ठेवून त्याचे नाव आणि वेळ फाटकावरच लिहावी. ओट्यावर बसणाऱ्या मुलांपैकी दोघांना बोलावून मोठ्या मुलांच्या खेळाची जबाबदारी त्यांच्याकडे द्यावी. नेट त्यांनी बांधायची आणि त्यांनीच सोडायची. हा सल्ला ऐकून कॉलनीत नाराजी होईल, ती होऊ द्यावी.

कागदोपत्री पाहता, अशा जागेबाबतचा अर्ज महापालिकेच्या नवीन नाशिक (म्हणजे सिडको) विभागीय कार्यालयात विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे, पाच-पन्नास रहिवाशांच्या सह्यांनिशी द्यावा आणि पोच घ्यावी. भूखंड मंजूर आराखड्यात मैदान म्हणून आहे, उद्यान म्हणून आहे की ले-आउटमधील खुली जागा म्हणून, हे माहितीच्या अधिकारात आधी विचारून घ्यावे. भूखंडावर काय बांधता येते आणि काय येत नाही, हे त्या नोंदीवरून ठरते. आणि या भूखंडावर कोणी ‘ग्रीन जिम’ देऊ केली तर नाही म्हणू नये, पण तिच्यावर विसंबूही नये. तिच्यामागे रोज येणारे माणूस नसेल तर दोन पावसाळ्यांत तिचे गंजलेले दांडे उरतात.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे. आठवड्याआड सेकंड शिफ्ट असते, पत्नीही कामावर जाते. मुलगा नववीत, पंधरा वर्षांचा आहे. तो वस्तीतल्या एका ‘भाई’च्या मागेपुढे फिरू लागला आहे. त्याच्या गाडीवर मागे बसतो, निरोप पोहोचवतो. मारले तरी ऐकत नाही. त्याला गावी मामाकडे पाठवून द्यावे का? – एक कामगार, सातपूर

उत्तर : मारणे आजपासून थांबवावे. आपण मारता तेव्हा त्याला भाईकडे जाण्याचे आणखी एक कारण मिळते. गावी पाठवण्याचा निर्णयही घाईने घेऊ नये. मामांचे घर खरोखर मोकळेपणाने सामावून घेणारे असेल आणि मुलाचे स्वतःचे मन असेल तर गोष्ट वेगळी, पण शिक्षा म्हणून पाठवलेला मुलगा सहा महिन्यांत परत येतो आणि पहिल्या संध्याकाळी त्याच गाडीवर बसतो.

भाई त्याला काय देतो, याचा शांतपणे विचार करावा. पैसे बहुधा फारसे नसतात, वडापाव आणि चहा असतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की तो त्याला नावाने हाक मारतो, काम सांगतो आणि तो आला नाही तर ‘काल कुठं होतास?’ असे विचारतो. पंधराव्या वर्षी ही विचारपूस फार मोठी वाटते. तेव्हा ज्या दुसऱ्या जागी त्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येईल अशी जागा शोधणे, हे आपले काम आहे. तालीम असो, कबड्डीचा संघ असो, धावण्याचा सराव असो. खेळ कोणता यापेक्षा तेथला वस्ताद किंवा प्रशिक्षक कसा आहे, हे पाहावे. एक दिवस स्वतः जाऊन मागे उभे राहावे. जो माणूस कच्च्या मुलालाही पाच मिनिटे देतो आणि उशिरा आलेल्याला हाकलून न देता कारण विचारतो, तो चालेल. नाशिक जिल्ह्याने सावरपाड्याची धावपटू कविता राऊत आणि चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ असे ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले खेळाडू दिले आहेत, पण त्यांची उदाहरणे आपल्या मुलाला रोज ऐकवू नयेत. त्याला ऑलिंपिकला जायचे नाही, त्याला संध्याकाळी साडेपाच ते नऊ कोठेतरी हवेसे असायचे आहे.

आपल्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ही वेळ पूर्ण उघडी पडते. त्या आठवड्यापुरते शेजारच्या एका कुटुंबाशी बोलून ठेवावे : मुलाने सरावावरून आल्यावर तेथे जेवायचे, आपला फर्स्ट शिफ्टचा आठवडा असेल तेव्हा त्यांच्या मुलाने आपल्याकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की, पकडल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले १६ ते १८ या वयोगटातील असतात आणि त्यांतील बहुसंख्य आईवडिलांसोबत राहणारी असतात. घर आहे, आईवडील आहेत, तरी मधले तास कोणाचे नाहीत, असा याचा अर्थ मी घेतो. आपला मुलगा पंधरा वर्षांचा आहे, म्हणजे अजून वेळ हातात आहे.

निरोपांचे प्रकरण मात्र हलके समजू नये. आज निरोप असतो, उद्या पुडी असते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदेशीर कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे, आणि कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणे हाही सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. हे भाईला तोंडावर ऐकवायला एकट्याने जाऊ नये. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटावे, किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर बोलावे. व्यसनाची शंका असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. आणि शाळा सुटू देऊ नये. सुटलीच तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते आणि पुढे त्र्यंबक रस्त्यावरचे आयटीआय आपल्या घरापासून लांब नाही.

प्रश्न : पंचवटीत आमचे गणेशोत्सव मंडळ असून स्वतःचे ढोलपथक आहे. सरावाच्या काळात वस्तीतली मुले जागच्या जागी असतात, कोणाची तक्रार येत नाही. अनंत चतुर्दशी झाली की पुन्हा नाका, पुन्हा भांडणे. गेल्या काही काळात वाढदिवसाला कोयत्याने केक कापून त्याची रिल टाकण्याचे वेडही शिरले आहे. महापालिकेचे समाजमंदिर संध्याकाळी वापरायला मिळेल असे दिसते, थोडी वर्गणीही शिल्लक आहे. पोलिसांच्या नोंदीत आलेल्या पंचवीस मुलांसाठी तेथे ‘सुधार केंद्र’ काढावे, असा विचार आहे. मार्गदर्शन करावे. – एका मंडळाचे चिटणीस

उत्तर : आपल्या पत्रातले पहिलेच निरीक्षण फार मोलाचे आहे, म्हणून आधी त्यावर थांबू. नाशिक ढोलाच्या सरावात असे काय असते की जी मुले एरवी कोणाचे ऐकत नाहीत ती दोन महिने ऐकतात? वेळ ठरलेली असते आणि ती चुकली की मागच्या रांगेत उभे राहावे लागते. ढोल आवळण्यापासून तो जागेवर ठेवण्यापर्यंत प्रत्येकाला काम असते. नवा मुलगा आधी टिपरू धरायला शिकतो, मग ठेका पकडतो, आणि हात चुकला तर सगळ्या पथकाचा ताल बिघडतो, त्यामुळे त्याला शिकवणे ही शेजारच्याची गरज बनते. वडीलधारे वादक शिकवताना ओरडतात, पण त्या ओरडण्यात अपमान नसतो. आणि शेवटी मिरवणूक असते, जिच्यात आई रस्त्याच्या कडेला उभी राहून आपल्या मुलाला बघते. शिस्त, जबाबदारी, शिकवणारा आणि कौतुक करणारे लोक या साऱ्या गोष्टी आपल्या मंडळाजवळ आधीच आहेत, फक्त त्या दोन महिन्यांत संपतात. पंचवटीच्या शनी चौकातील किंवा जुन्या नाशकातील तिवंधा चौकातील रंगपंचमीची रहाडही (रंग खेळण्यासाठीचा जमिनीतला हौद) अशीच : उकरण्यापासून बुजवण्यापर्यंत पोरे झटतात, नंतर वर्षभर कोणी त्यांना बोलावत नाही.

तेव्हा नवे ‘केंद्र’ काढण्यापेक्षा पथकाचे वर्ष बारा महिन्यांचे करावे. दिवाळीनंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी समाजमंदिर उघडे ठेवावे. ढोलाचा आवाज वर्षभर वस्तीला सोसवणार नाही, म्हणून एक दिवस लेझीम किंवा दांडपट्टा, एक दिवस कॅरम आणि व्यायाम, एक दिवस दुरुस्तीचे काम असे काही ठरवावे. दुरुस्तीचा दिवस मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जुन्या ढोलांची पाने बदलणे, मंडपाच्या वायरिंगची कामे, सजावटीचे वेल्डिंग हे सारे मंडळ पैसे देऊन बाहेरून करून घेते. एखादा जाणता कारागीर आठवड्यातून दोन तास बसला, तर मोठ्या मुलांना ते शिकवता येईल आणि त्या पैशातला काही भाग त्यांच्या हाती देता येईल. अठरा वर्षांखालील मुलांना विजेच्या वा वेल्डिंगच्या कामाला हात लावू देऊ नये, त्यांनी बघावे.

आता ‘सुधार केंद्रा’विषयी. हा विचार आपण सोडून द्यावा, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. पहिले कारण असे की, ज्या दाराने आत जाणारा गुन्हेगार समजला जातो त्या दाराने कोणी आईबाप आपला मुलगा पाठवणार नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, वाट चुकू लागलेल्या मुलांचेच गट करून त्यांना समुपदेशन दिले, तेव्हा काही गटांत त्यांचे गैरवर्तन आणि तंबाखूचे सेवन उलट वाढले. एकाने मारामारीचा किस्सा सांगायचा आणि बाकीच्यांनी हसून दाद द्यायची, हाच तेथला खरा अभ्यासक्रम ठरला. आपली पंचवीस मुले एका खोलीत बसवली की तेथे सर्वांत जास्त ‘केसेस’ असलेला मुलगा पुढारी होणार. त्याऐवजी शंभर मुलांच्या पथकात ती पंचवीस विखुरलेली असावीत, आणि कोणाच्या नावापुढे काय आहे हे आपल्या दोन-तीन पदाधिकाऱ्यांपलीकडे कोणालाही कळू नये.

कोयत्याच्या केकबद्दल पोलीस गुन्हे दाखल करतात आणि ते योग्यच आहे. पण ज्या मुलाला अठराव्या वाढदिवसाला चौकात पन्नास लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असे वाटते, त्याची ती इच्छा गुन्हा नाही. पथकाने प्रत्येक महिन्याच्या अखेरीस त्या महिन्यातले सगळे वाढदिवस समाजमंदिरात साजरे करावेत, ढोल वाजवावा, रिलही करावी. हत्याराचा फोटो टाकणाऱ्याला पुढच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत जागा नाही, हा नियम आधी जाहीर करावा आणि पदाधिकाऱ्याच्या पुतण्यालाही तो लावावा. हा नियम मोडला गेला की बाकीचे सगळे नियम गेले, असे समजावे.

परदेशातले एक उदाहरण नेहमी दिले जाते, ते आइसलँडचे. तेथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आले. त्यासाठी मैदाने आणि क्लब वाढवले हे खरे, पण त्याबरोबर शिकलेले प्रशिक्षक नेमले, राजधानीत प्रत्येक मुलामागे कुटुंबाला छंदवर्गांसाठी अनुदान दिले, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावे याचा नियम पाळला आणि पालक स्वतः संध्याकाळी रस्त्यांवर फेऱ्या मारू लागले. चार लाखांच्याही आत वस्ती असलेला तो देश आहे. २०११ च्या जनगणनेतच नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या जवळ होती. त्यामुळे त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. पालकांच्या फेऱ्यांना मात्र पैसा लागत नाही, आणि आपल्या गल्लीत त्या उद्यापासून सुरू होऊ शकतात. आपल्याच राज्यातले उदाहरण हवे असेल तर नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील माजी क्रीडाशिक्षक विजय बारसे यांचे काम पाहावे. झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन २००१ मध्ये त्यांनी सुरू केलेले फुटबॉलचे काम पुढे ‘स्लम सॉकर’ या संस्थेच्या रूपाने उभे राहिले.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. समाजमंदिराचा वापर तोंडी परवानगीवर करू नये, महापालिकेच्या मिळकत विभागाकडून लेखी घ्यावा, नाहीतर सहा महिन्यांनी तेथे दुसऱ्याच कोणाचे कुलूप दिसेल. मुलांसोबत कोणताही प्रौढ एकटा खोलीत राहणार नाही, किमान दोघे असतील, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, कारण ज्या जागी मुले जमतात त्या जागी चुकीची माणसेही येऊ पाहतात. फलक लावण्याच्या अटीवर मदत देणारे भेटतील. त्यांची मदत घ्यावी, पण फलक दाराबाहेर ठेवावा आणि निवडणुकीच्या प्रचाराला मुले नेणार नाही, हे त्यांना सांगून टाकावे. आणि पथकात मुली किती आहेत, हे आपण लिहिलेले नाही. ज्या दिवशी मुली आणि त्यांच्या आया समाजमंदिरात रात्री आठपर्यंत निर्धास्त बसतील, त्या दिवशी ती जागा चांगली चालली आहे असे समजायला हरकत नाही. पोलीस चौकीतली नोंदवही बघण्यापेक्षा ही खूण मला अधिक भरवशाची वाटते.

प्रश्न : आमच्या प्रभागात अभ्यासिका आहे, जवळ वाचनालय आहे. तरी नाक्यावरची मुले तिकडे फिरकत नाहीत. मग सुविधा करून उपयोग काय? – एक ज्येष्ठ नागरिक, इंदिरानगर

उत्तर : अभ्यासिका स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी असते आणि ती तशीच असावी, त्या मुलांना शांतता हवी असते. नववीत नापास झालेला मुलगा तेथे पाय ठेवत नाही, कारण तेथली शांतताच त्याला परकी असते. नाशिकला १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे, आपल्याला पुस्तकांचा अभिमान आहे आणि तो असावा, पण ज्याला अजून वाचायची गोडी लागलेली नाही त्याच्यासाठी बोलायला, हात चालवायला आणि आवाज करायला मुभा असलेली वेगळी जागा लागते. ती अभ्यासिकेच्या शेजारच्याच खोलीत असली तर उत्तम. एखादा त्या खोलीतून या खोलीत कधीतरी येतो.

प्रश्न : अशा मुलांना एकदा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात नेऊन आतली परिस्थिती दाखवली, कैद्यांशी बोलायला लावले, तर धाक बसणार नाही का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : बसणार नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू जर्सीतील राहवे तुरुंगातून हा प्रयोग गाजला आणि अनेक ठिकाणी राबवला गेला. पुढे अँथनी पेट्रोसिनो यांच्या गटाने त्यावरच्या काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तुरुंग दाखवून आणलेल्या मुलांनी न दाखवलेल्या मुलांपेक्षा अधिक गुन्हे केल्याचे दिसले. धाकाची मात्रा ज्या मुलांना लागू पडते त्यांना ती घरीच लागू पडलेली असते. उरलेल्यांना तुरुंगातला माणूस भारी वाटण्याचा धोका असतो.

प्रश्न : अल्पवयीन म्हणून ही मुले सुटतात, म्हणूनच टोळ्या त्यांना पुढे करतात. आधी कायदा कडक करावा, मैदाने आणि क्लब नंतर. आपले मत काय? – एक व्यापारी, मेनरोड

उत्तर : टोळ्या त्यांना पुढे करतात हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्यासाठीच वर सांगितलेले कलम ८३ आहे. त्याचा वापर वाढावा, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनेने जरूर करावी. मुले सुटतात हे मात्र अर्धेच खरे आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा निर्घृण गुन्हा १६ ते १८ वयाच्या मुलाने केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक पडताळणी करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. या मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक महिला असावीच लागते.

बाकीच्या प्रकरणांत मंडळापुढे समज देणे, समुपदेशन, देखरेखीखाली सामाजिक सेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांकडे किंवा संस्थेकडे सोपवणे, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे असे मार्ग असतात. यांतले विशेष गृह सोडले तर प्रत्येक मार्ग वस्तीत कोणीतरी जागा उघडी ठेवलेली असण्यावर अवलंबून आहे. सामाजिक सेवा कोठे करायची? देखरेख कोणी करायची? अशी जागाच नसेल तर मुलगा उंटवाडीच्या निरीक्षणगृहातून बाहेर आल्यावर त्याच नाक्यावर जातो, आणि मग आपल्याला वाटते की कायदा सैल आहे. तेव्हा आधी काय आणि नंतर काय असा क्रम लावता येत नाही. जागा नसेल तर कायद्याचाच निम्मा भाग कागदावर राहतो.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. सोळाव्या वर्षी एका मारामारीत माझे नाव आले, मंडळापुढे प्रकरण चालून संपले. आता कारखान्यात किंवा सुरक्षारक्षक म्हणून काम शोधतो आहे. वस्तीतल्या व्यायामशाळेत गेलो तर ‘तू नको’ म्हणाले. पोलीस पडताळणीत ते प्रकरण निघेल का? मी काय लिहावे? – एक तरुण, नाशिकरोड

उत्तर : तुझे प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच संपले असेल, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ नुसार त्या प्रकरणामुळे तुझ्यावर कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याची नोंद नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. कलम ७४ प्रमाणे तुझे नाव उघड करण्यास मनाई आहे, आणि पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी बंद झालेल्या प्रकरणाची नोंद द्यायची नसते. २०१९ मध्ये सुरक्षा दलातील नियुक्तीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही अल्पवयीन असतानाच्या आरोपावरून उमेदवाराला नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. तरी एखाद्या अर्जात तसा प्रश्न आला तर अंदाजाने काही लिहू नकोस. आधी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत सोबत ने आणि ते सांगतील तसे लिही. उत्पन्न मर्यादेत असेल तर तेथला सल्ला व वकील मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. नोंद नष्ट झाली आहे का, हे विचारणारा अर्जही त्यांच्याकडूनच लिहून घे.

कामाबद्दल सांगायचे तर पगार थोडा कमी असला तरी ज्या ठिकाणी शिकवणारा वरिष्ठ आहे ते ठिकाण आधी धर. शिकागो शहरात हिंसाग्रस्त भागातल्या शाळांमधील मुलांना उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम आणि सोबत एक मार्गदर्शक दिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी त्यांना झालेली अटक इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होती, आणि यातली बरीचशी घट काम संपल्यानंतरच्या महिन्यांतली होती. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतात. दहावी झाली असेल तर आयटीआयमध्ये जाऊन शिकाऊ उमेदवारीची चौकशी कर, तेथे मागच्या प्रकरणाविषयी कोणी विचारण्याचे कारण नाही.

ज्या व्यायामशाळेने ‘तू नको’ म्हटले, तिच्या चालकांसाठी दोन ओळी : हा मुलगा संध्याकाळी सहा वाजता स्वतःच्या पायाने तुमच्या दारात आला होता. मासिक वर्गणी, वेळ आणि नियम बाकीच्यांना आहेत तेच त्याला सांगा आणि त्याचे नाव वहीत लिहा. पंचवटीच्या चिटणीसांनीही या मुलाला भेटावे, असे मला वाटते. त्याची तयारी असेल तर त्याचे पत्र आमच्या कार्यालयामार्फत आपल्याकडे पोहोचवू.